बाळ, माळ, पाळ

श्रीनिवासने काय विचारलं ते दीनानाथांना कळलं नाही, म्हणून ते "हो" म्हणाले. सदाशिव पेठेतलं औषधांचं दुकान, सकाळचे दहा, मार्चअखेरचं ऊन दुकानाच्या पायरीपर्यंत आलेलं. करोना ओसरला होता तरी काउंटरवरचा प्लास्टिकचा पडदा श्रीनिवासने काढला नव्हता. दोन वर्षांत तो पिवळट झाला होता आणि त्याच्या पलीकडे मास्क लावलेला श्रीनिवास पाण्याखाली उभा असल्यासारखा दिसायचा. त्याने पुन्हा काहीतरी विचारलं. शेवट वर गेला, म्हणजे प्रश्न होता, एवढंच कळलं. दीनानाथ पुन्हा "हो" म्हणाले. श्रीनिवासने पडदा बाजूला केला आणि मास्क हनुवटीखाली ओढला. "सर, दहाची पट्टी देऊ का पंधराची, असं विचारतोय. याला हो हे उत्तर नाही." शब्दन् शब्द ऐकू आला. दीनानाथ ओशाळून हसले, पंधराची म्हणाले. श्रीनिवासने मास्क वर घेतला, गोळ्या पाकिटात घालता घालता आणखी काहीतरी म्हणाला, आणि ते पुन्हा पुसलं गेलं, फळ्यावरून डस्टर फिरवावा तसं. आवाज तेवढाच होता. दुकानही तेच. बदललं होतं ते तोंड. आधी दिसत नव्हतं, मग दिसलं, मग पुन्हा दिसेनासं झालं. पाकीट हातात घेऊन ते पायरी उतरले आणि उन्हात थबकले. स्वतःच्या कानांचा विचार त्यांच्या मनात आलाच नाही. त्यांना आठवली एक आठ वर्षांची मुलगी. ती त्यांच्या डोळ्यांत बघत नव्हती. तिची नजर थोडी खाली होती, अगदी थोडी, आणि तेव्हा त्यांना वाटलं होतं की पोर लाजते आहे.

मैना. तिसरीचा वर्ग, खिडकीकडची रांग. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी तिचे कान तपासले होते आणि तिच्या नावापुढे "सामान्य" असं वळणदार अक्षरात लिहून खाली सही केली होती. करोनाची दोन वर्षं सरल्यावर सरकारने आरोग्यासाठी जादा निधी दिला होता. त्यातला मोठा भाग दवाखान्यांकडे गेला, आणि एक लहानसा तुकडा शाळेतल्या मुलांचे कान आणि डोळे तपासायला आला. मोहिमेचं नाव कागदावर दोन ओळींचं होतं, पण सगळे तिला कानडोळे मोहीम म्हणत. जादा हा शब्द दीनानाथांना स्वारगेटवरच्या जादा गाड्यांसारखा वाटला होता. त्या दिवाळीत सुटतात, कुठल्या फलाटावर लागतील ते कुणाला माहीत नसतं, आणि ज्याला कळतं तो धावत सुटतो. ही गाडी एकतीस मार्चला सुटणार होती. तोवर मुलांची यादी गेली तर त्यांना मोठ्या रुग्णालयात मशीनवर तपासणार, ज्यांना गरज आहे त्यांना कानयंत्र देणार. नाही गेली तर उरलेला निधी परत. माणसं कमी पडत होती म्हणून निवृत्त शिक्षकांना बोलावलं होतं. दीनानाथांनी महापालिकेच्या शाळांत अडतीस वर्षं काढली होती, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, आणि वर्गात पाऊल ठेवायला मिळणार या एकाच गोष्टीने ते इतके हरखले होते की पहिल्या दिवशी बसमध्ये त्यांच्या खिशात खडू निघाला. कान तपासायला खडू कशाला लागतो, असं बायकोने, हेमाने, विचारलं होतं. असू दे, म्हणाले होते ते.

चालता चालता ते एका बंद दुकानाच्या काचेसमोर थांबले. क्लासची जाहिरात लावलेली काच, तिच्यात त्यांचा अर्धा चेहरा. त्यांनी मास्क खाली केला आणि आवाज न करता म्हणून पाहिलं: बाळ. ओठ मिटले, उघडले, जीभ टाळ्याला लागली. माळ. ओठ मिटले, उघडले. पाळ. तिन्ही वेळा काचेतला म्हातारा एकच शब्द म्हणत होता. शेजारून स्कूटर काढणाऱ्या मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. दीनानाथांनी मास्क वर घेतला. यादीतला तिसरा शब्द बाळ होता. मैना म्हणाली होती, माळ. ते हसले होते. त्यांनी सावकाश, तोंड मोठं उघडून म्हटलं होतं, बाऽळ. पोर त्यांच्या तोंडाकडे टक लावून म्हणाली होती, पाळ. आणि त्यांनी, ज्यांनी आयुष्यात एकाही पोराला एका चुकीवर खाली बसवलं नाही, ज्यांच्या वर्गात प्रत्येकाला हवे तितके प्रयत्न मिळायचे, त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं होतं. ती म्हणाली, बाळ. दोन शब्द चुकून झाल्यावर तिसरा उरतोच. "शाबास," ते म्हणाले होते, आणि "सामान्य" असं लिहिलं होतं.

पण मुळात ते समोर का उभे राहिले होते? कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: परीक्षकाने विद्यार्थ्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहावे, त्याचा एक कान तळव्याने झाकावा, यादीतील शब्द हळू आवाजात उच्चारावेत, विद्यार्थ्याने तो शब्द पुन्हा म्हणावा. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षणही झालं होतं. सभागृहातला स्पीकर घुमत होता, डॉक्टरबाईंचं अर्धं बोलणं त्यांना लागलं नव्हतं. स्पीकर घुमतोय, असं त्यांनी शेजारच्या गृहस्थांना सांगितलं, आणि ते "हो" म्हणाले. आता त्यांना वाटलं, त्या गृहस्थांना तरी काय ऐकू आलं होतं? पण कागद होता. कागद त्यांनी वाचला होता, दोनदा. शाळेत गेल्यावर पहिला पोरगा होता पहिलीतला सोनबा. दीनानाथ त्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याच्या कानावर तळवा ठेवला मात्र, पोरगा खांदे वर घेऊन आक्रसला. शाळेत मास्तरांचा हात मागून कानाकडे येतो तो एकाच कारणासाठी. दीनानाथांनी स्वतः कुणाचा कान कधी पिळला नव्हता, पण कानाला ते कसं कळणार? "सर, मी काही नाही केलं," सोनबा म्हणाला होता. दीनानाथ कळवळले. ते पुढे आले, त्याच्यासमोर उकिडवे बसले, मास्क खाली केला आणि म्हणाले, "माझ्याकडे बघ." तेवढ्याने पोरगा सैल झाला. मग ते सगळ्यांशी तसंच वागले. अडतीस वर्षं नव्या शिक्षकांना त्यांनी हेच शिकवलं होतं: फळ्याकडे तोंड करून बोलू नका, मुलांना तुमचं तोंड दिसलं पाहिजे, मुलाच्या पाठीशी कधी बोलू नये. पाठीमागे बोलणं म्हणजे मराठीत काय ते सगळ्यांना माहीत आहे, असंही ते वर म्हणायचे आणि नवे शिक्षक हसायचे. दोनशे बारा मुलं, दीड दिवस. एकही रडलं नाही. एकही नापास नाही.

घरी आल्यावर ते गोळ्या टेबलावर ठेवून तसेच उभे राहिले. हेमा स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. तिच्या बोलण्यातला सूर तेवढा आला, टोमण्याचा. ते दाराशी गेले. "काय म्हणालीस?" "भिंतीला म्हटलं," हेमा म्हणाली, "भिंत तरी ऐकते." मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिने गॅस बारीक केला. "काय झालं हो?" त्यांना सांगायचं होतं, पण सांगायला सुरुवात कुठून करायची ते कळेना. मुलीपासून, का पडद्यापासून? त्यांनी एवढंच विचारलं, "तुला काय वाटतं, मला कमी ऐकू येतं?" हेमाने चमचा खाली ठेवला. "मला वाटायला काय झालंय? मजल्यावरच्या सगळ्यांना वाटतं. तुमच्या बातम्या समोरचे कुलकर्णी ऐकतात, त्यांनी स्वतःचा टीव्ही विकलाय म्हणे." ती हसली नाही. गेल्या दिवाळीपासून ती हे सांगत होती, हे त्यांना आत्ता आठवलं, आणि आपण दर वेळी काय उत्तर दिलं तेही आठवलं: लोक हल्ली पुटपुटतात. करोनापासून सगळेच मास्कमागे पुटपुटतात, उच्चारांकडे कुणाचं लक्षच राहिलेलं नाही. हे त्यांचं आवडतं मत होतं. ते त्यांनी बसमध्ये मांडलं होतं, बँकेत मांडलं होतं. त्या शाळेतही मांडलं होतं. मैनाच्या वर्गशिक्षिका वासंतीबाई तेव्हा सांगत होत्या की मुलगी पहिलीत असताना वर्गात पुढे होती, दोन वर्षं मोबाइलवर शाळा झाली आणि परत आली ती ढ होऊन, हाक मारली तर बघतसुद्धा नाही. वासंतीबाई मास्क कधी काढत नसत, घरी सासूबाई आजारी होत्या. आणि दीनानाथ म्हणाले होते, प्रत्येक अक्षर स्पष्ट उच्चारत, "बाई, मुलगी तल्लख आहे. ऐकू उत्तम येतं, मी स्वतः तपासलंय. लक्ष देत नाही एवढंच."

लक्ष देत नाही एवढंच. ते खुर्चीत बसले. वाक्य एकदा वर्गात सोडलं की त्याचं काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? एका इन्स्पेक्टरने त्रेसष्ट साली एका मुलाला मठ्ठ म्हटलं होतं, तो मुलगा चौथीपर्यंत मठ्ठ राहिला, हे त्यांनी विद्यार्थी असताना स्वतःच्या वर्गात पाहिलं होतं, आणि म्हणूनच तर ते शिक्षक झाले होते. आणि शाळेच्या फाटकाशी ती म्हातारी भेटली होती, मैनाची आजी, मथुराबाई. गाव आत्ता आत्ता महापालिकेत आलं होतं, शेतातल्या इमारतींच्या मधून अजून गोठे होते आणि मथुराबाईच्या लुगड्याला शेणाचा वास होता. "कान वाहतो पोरीचा, मास्तर," ती म्हणाली होती. "ऱ्हातं, पुन्ना वाहतो. म्या लसणीचं त्याल घालती." दीनानाथ थांबले होते, ते नेहमी थांबत, घाईत कुणाशी बोलत नसत. तेल घालू नका असं त्यांनी नीट समजावलं. आणि वर धीर दिला: "आजी, काळजी करू नका. तपासलंय मी." म्हातारीने हात जोडले होते. त्यांना आता ते जोडलेले हात दिसत होते, बोटांच्या भेगांत माती असलेले, आणि ते हात खाली घ्या असं सांगावंसं वाटत होतं.

फोन करायचा होता उल्काला. उल्का या मोहिमेची समन्वयक, सत्तावीस वर्षांची, कंत्राटी. तिची नेमणूकसुद्धा त्याच निधीतून, एकतीस मार्चपर्यंत. दीनानाथांनी फोन हातात घेतला आणि तसाच धरून बसले. फोनवर तोंड दिसत नाही. आपण हल्ली कुणालाच फोन करत नाही, फोन आला की हेमाकडे देतो, हे त्यांनी आजवर स्वतःला कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्पीकर चालू केला, हेमाला शेजारी बसवलं. "सर? बोला ना." एवढं त्यांना कळलं. त्यांनी सांगितलं. सावकाश, मुद्देसूद, जसं धड्याचं सार सांगावं तसं: मी समोर उभा राहिलो, मास्क खाली केला, मुलं तोंडाकडे बघून उत्तरं देत होती, सगळी तपासणी निकामी आहे. पलीकडे बराच वेळ काही आलं नाही. "फोन कट झाला का?" त्यांनी हेमाला विचारलं. "नाही," हेमा म्हणाली, "ती गप्प आहे." मग उल्का बोलली आणि हेमा तिचं वाक्य तिच्याच सुरात पुन्हा म्हणत गेली, आणि दीनानाथ हेमाच्या तोंडाकडे बघत राहिले. "सर, तुमच्या शाळेत झिरो आहेत. बाकी सगळीकडे दोनशेमागे आठ-दहा निघाले. मला तेव्हाच ऑड वाटलं होतं. पण तुम्ही सर आहात, मी कसं विचारणार? आमच्या वरच्या मॅडम तर मीटिंगमध्ये म्हणाल्या, ही बघा आदर्श शाळा." "यादी?" "उद्या दुपारी बाराला लॉक होतेय. आज जवळजवळ झालीच होती." "माझ्या मुलांची नावं घालायची राहिली आहेत," दीनानाथ म्हणाले. माझ्या मुलांची असं ते का म्हणाले ते त्यांनाच कळलं नाही. हेमाने उल्काचं पुढचं सांगितलं. "सकाळची शाळा साडेसातची ना? मी येते सर. आपण दोघं आणि वासंतीबाई मिळून होईल तेवढं करू. पण एक आहे. फेरतपासणीचं कारण लेखी द्यावं लागेल. तुमच्या सहीने. ते वर जाईल." हेमाने हे वाक्य सांगितलं आणि फोनकडे बघितलं, त्यांच्याकडे नाही.

संध्याकाळभर ते कारण लिहीत होते. काही तांत्रिक अडचणीमुळे, असं पहिल्यांदा लिहिलं आणि खोडलं. अनवधानाने, असं लिहिलं. अनवधान म्हणजे लक्ष नसणं. लक्ष देत नाही एवढंच. ते खोडलं. मुलं भेदरू नयेत या हेतूने परीक्षकाने पद्धतीत किंचित बदल केला. हे वाक्य त्यांनी बराच वेळ ठेवलं. ते खोटं नव्हतं. सोनबा खरंच आक्रसला होता. पण त्या वाक्याकडे बघता बघता त्यांना काहीतरी बोचायला लागलं आणि काय ते सापडेना. पोरांच्या निबंधात कधी कधी असं व्हायचं, सगळं शुद्ध, सगळं बरोबर, आणि तरी एक ओळ कुणीतरी सांगून लिहिलेली. त्यांना तो क्षण आठवत होता: पोराच्या मागे उभं असणं, तळव्याखाली गरम कान, पंख्याचा आवाज, मग सोनबाचं वाक्य. सर, मी काही नाही केलं. ते वाक्य त्यांना सोनबाच्या चेहऱ्यासकट आठवत होतं, वर झालेल्या भुवया, पडलेल्या दाताची फट. त्यांनी पेन खाली ठेवलं. मागे उभ्या असलेल्या माणसाला दाताची फट कशी दिसेल? हेमा पाणी घेऊन आली, कागद वाचला, म्हणाली, "एवढं मोठं वाक्य कुणी वाचत नाही." त्यांनी नवा कागद घेतला आणि लिहिलं, मी मुलांच्या समोर उभा राहिलो, मागे उभे राहायचे होते. सही केली. तरी बोचणी तशीच राहिली.

सकाळी सहाला स्वारगेटला बस रिकामी होती. कंडक्टर मास्कमागून काहीतरी विचारत होता आणि दीनानाथांनी आधीच गावाचं नाव सांगून टाकलं, प्रश्न कळायच्या आत उत्तर देण्याची युक्ती. त्यांना वाटलं, ही युक्ती आपण कधी शिकलो? मैनाही अशीच करत असेल. कुणीतरी बोलतं आहे हे दिसलं की मान हलवायची, बाकीची पोरं पाटी काढतात तेव्हा पाटी काढायची, हसतात तेव्हा हसायचं, सगळ्यांच्या एक क्षण मागे. दिवसभर. आणि दोन वर्षं सगळ्या जगाने तोंडावर फडकी बांधली तेव्हा? तेव्हा तिला काय वाटलं असेल, की सगळे एकाएकी आपल्याशी अबोला धरून बसले? बस चौकाचौकातून जात होती, रस्ता खोदलेला, उंच इमारतींच्या तळाशी शेताचे चुकार तुकडे. दोनशे बारा मुलं. साडेचार तास. त्यांनी मनात भागाकार केला, तो तीनदा केला, तीनदा उत्तर तेच आलं आणि तिन्ही वेळा ते पटलं नाही.

वासंतीबाई फाटकातच उभ्या होत्या. उल्काने त्यांना फोन केला होता. त्यांनी नमस्कार केला, पण मागच्या वेळेसारखा नाही. दीनानाथ म्हणाले, "बाई, जरा मास्क खाली करून बोलाल का? मला ऐकू येत नाही." हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं आणि ते इतकं साधं निघालं की त्यांना आश्चर्य वाटलं. वासंतीबाईंनी चार पावलं मागे जाऊन मास्क खाली केला. त्यांचा चेहरा त्यांनी प्रथमच पाहिला, थकलेला, हनुवटीवर तीळ असलेला. "सर, मी तिला मागच्या बाकावर बसवलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात लक्ष देत नाही, तर म्हटलं, बसू दे आठ दिवस मागे, येईल लक्ष. तिच्या आईलाही बोलावून सांगितलं. शालूबाई रागीट आहेत हो. इथेच अंगणात दोन धपाटे घातले त्यांनी पोरीला." दीनानाथांनी घड्याळ पाहिलं, सात चाळीस झाले होते. उल्का स्कूटरवरून आली, हेल्मेट काढता काढता म्हणाली, "चला सर, सुरू करू," आणि त्यांनी ते तिच्या ओठांवर वाचलं.

उल्काने आणि वासंतीबाईंनी बाकीचे वर्ग वाटून घेतले. दीनानाथांकडे पहिली आणि तिसरी, एकाच खोलीत बसवलेली. त्यांनी खिशातला खडू काढून टेबलावर ठेवला आणि मुलांना सांगितलं की मागच्या वेळी सरांनी पेपर चुकीचा काढला होता, म्हणून परीक्षा परत. मुलांना हे फार आवडलं. "सरांचं चुकलं?" कुणीतरी खात्री करून घेतली. "सरांचं चुकलं. आणि आज मी मागून कान धरणार आहे, पण पिळणार नाही. विश्वास बसत नसेल तर आधी ज्याने त्याने माझा धरून बघा." पहिला अर्थातच सोनबा. दीनानाथ खाली बसले आणि सोनबाने भीत भीत त्यांच्या कानाची पाळ दोन बोटांत धरली, मग जरा जोरात, मग सगळा वर्ग खिदळला. मग दीनानाथ उठले, त्याच्या मागे गेले, तळव्याने त्याचा कान झाकला. पोरगा आज ताठ उभा होता. यादीतला पहिला शब्द, हळू आवाजात: "गाडी."

सोनबा काहीतरी म्हणाला.

म्हणाला हे नक्की, कारण त्याची मान हलली आणि तळव्याला कंप जाणवला. पण शब्द पंख्यात विरला. गाडी, माडी, वाडी, साडी. दीनानाथ त्या लहान डोक्याच्या मागच्या भोवऱ्याकडे बघत उभे राहिले, आणि काल संध्याकाळपासून जे बोचत होतं ते सरळ समोर येऊन उभं राहिलं. त्या दिवशीही असंच झालं होतं. पोरगा आक्रसला, काहीतरी बोलला, आणि ते त्यांना कळलं नव्हतं. ते पुढे आले ते त्याच्या भीतीपायी नव्हे. ते पुढे आले होते तो काय म्हणाला ते बघायला. "काय म्हणालास?" असं विचारलं होतं, आणि मग समोरून, त्या फटीतून, त्यांना ते दुसऱ्यांदा सांगितलेलं वाक्य दिसलं होतं. दया त्यानंतर आली होती. दोनशे बारा वेळा ते दयेपोटी समोर उभे राहिले होते, आणि दोनशे बारा वेळा त्यांनी स्वतःच ओठ पाहून लिहिलं होतं. वर्ग वाट बघत होता. आठ वाजून गेले होते. आजही "बरोबर" म्हणून टाकता आलं असतं. सोनबाला ऐकू येत होतं, कुणालाही दिसत होतं. पण त्याच्यानंतर रांगेत जे पोर होतं त्याला ऐकू येतं की नाही, ते कुणाला कळलं असतं? त्यांनी तळवा काढला.

"काय म्हणाला हा?" त्यांनी वर्गाला विचारलं. "गाडी," सगळी ओरडली. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. पण उल्का कोरे फॉर्म घ्यायला दारात आलेली होती आणि ती तिथेच थांबली. ती दीनानाथांकडे बघत होती. दीनानाथांनी मान डोलावली, जशी वर्गात एखाद्याने बरोबर उत्तर दिल्यावर डोलवायचे तशी. उल्का आत आली. तिने आपल्या वर्गाच्या दाराला कडी घालून पोरांना चित्रं काढायला बसवल्याचं सांगितलं, एक खुर्ची मुलांच्या समोर ओढली आणि मांडीवर यादी घेतली. "सर, शब्द तुम्ही म्हणा," ती म्हणाली. "उत्तर मी लिहिते." ते एकेका पोराच्या मागे उभे राहत गेले, शब्द म्हणत गेले, आणि दर वेळी डोक्यांवरून उल्काच्या पेनाकडे बघत गेले. पेन हललं की पुढचं. अकरा वाजेपर्यंत शाळेत सात नावं निघाली. प्रत्येक नावाला त्यांचं मन आक्रसत होतं, सोनबाच्या खांद्यांसारखं, कारण त्या प्रत्येक नावापुढे त्यांच्या वळणदार अक्षरात आधीच काहीतरी लिहिलेलं होतं.

मैना मागच्या बाकावरून उठून आली. वेणीला लाल फीत, एका कानात कापसाचा बोळा. उल्काने तो हळूच काढला. मैनाने वळून दीनानाथांकडे पाहिलं, त्यांच्या मास्ककडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर तीच समजूतदार, सगळ्याला हो म्हणणारी मुद्रा आली, जी काल औषधांच्या दुकानात त्यांच्या चेहऱ्यावर होती. उल्काने तिचे खांदे धरून तिला समोर वळवलं. दीनानाथांनी तळवा ठेवला. "गाडी," ते म्हणाले. पेन हललं नाही. "पाणी." बाहेर कुठेतरी पाण्याचा टँकर मागे घेत होते, त्याची शिट्टी त्यांनाही ऐकू येत होती. "बाळ." थोडं मोठ्याने, मग कागदावर सांगितलं होतं त्याहून मोठ्याने, मग वर्गातल्या शेवटच्या पोराला ऐकू जाईल असं: "बाळ." तळव्याखाली कंप नव्हता. मैना दोन्ही हात बाजूला ताठ ठेवून समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती, खूप लक्ष देऊन. त्यांनी दुसरा कान झाकला आणि पाचही शब्द पुन्हा म्हटले. मग उल्काने पेन उघडलं, नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, आईचं नाव लिहिलं, शालू, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. "जाईल, सर," ती म्हणाली, तोंड त्यांच्याकडे करून, हळू. "बारा वाजायच्या आत जाईल. पुढचं पुढे."

मैनाने एवढा वेळ वाट पाहिली आणि मग स्वतःच वळली.

"सर," ती म्हणाली, "कधी सुरू करायचं?"

दीनानाथ तिच्यासमोर खाली बसले. गुडघे दुखले. त्यांनी मास्क खाली केला, आणि तिची नजर लगेच त्यांच्या ओठांवर येऊन बसली.

"झालं, बाळ," ते म्हणाले.

मैनाने क्षणभर विचार केला. मग वर्गाकडे बघितलं, कुणी हसतंय का ते पाहिलं, आणि हलकेच विचारलं, "कसली माळ, सर?"